तुमच्या दुकानात 'बंट' कोण मारतो?

इंदापूरविरुद्ध आमच्या बारामतीच्या हौशी बेसबॉल टीमची निर्णायक मॅच. शेवटची इनिंग, स्कोअर बरोबरीत, एकही आउट नाही, आमचा रनर दुसऱ्या बेसवर. मला मोठा फटका मारून हिरो व्हायचं होतं. कोचची खूण आली: बंट! बॉल हळूच ढकलला. मी आउट, रनर तिसऱ्या बेसवर. पुढच्या बॅटरचा उंच फटका लांबवर झेलला गेला. झेल होताच रनर होम प्लेटकडे सुटला. जिंकलो!

स्कोअरबुकात अशा बंटची वेगळी नोंद होते, बॅटरची सरासरी घटत नाही. आता तुमचं बघा. विक्री काउंटरवाल्याच्या नावावर पडते. पण गोडाऊनमधून वेळेत माल काढून देणाऱ्या पोराची नोंद तुमच्या वहीत आहे का? आजच एक रकाना आखा.