आयोवरील उद्रेकांची छायाचित्रे
गुरूच्या आयो या उपग्रहावरील जिवंत ज्वालामुखी प्रथम दिसले ते दिशानिश्चितीसाठी घेतलेल्या छायाचित्रात. ८ मार्च १९७९ रोजी, गुरूला मागे टाकून निघालेल्या व्हॉयेजर १ यानाने सुमारे ४५ लाख किलोमीटरवरून ते टिपले होते. पार्श्वभूमीतले मंद तारे दिसावेत म्हणून दुसऱ्या दिवशी लिंडा मोराबिटो यांनी त्याची उजळता वाढवली, तेव्हा आयोच्या कडेबाहेर छत्रीसारखा फिकट ढग उमटला. तो पेले या ज्वालामुखीचा फवारा होता. उंची सुमारे ३०० किलोमीटर. गुरुत्वाकर्षण कमी आणि वातावरण अतिविरळ, म्हणून गंधकयुक्त वायू आणि धूळ इतकी वर जाते.

या ज्वालामुखींना उष्णता मिळते ती अशी: गुरूच्या ओढीने आयो सतत दाबला-ताणला जातो. गुरूचेच युरोपा आणि गॅनिमीड हे उपग्रह त्याची कक्षा वर्तुळाकार होऊ देत नाहीत, त्यामुळे हा ताण कमी-जास्त होत राहतो आणि घर्षणाने अंतर्भाग तापतो. या उष्णतेमुळे आयोवर ज्वालामुखी असू शकतील, हे भाकीत पील, कॅसेन आणि रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञांनी छापले, ते मोराबिटो यांच्या शोधाच्या जेमतेम आठवडाभर आधी. विज्ञानात असा योग क्वचितच येतो.

पुढे २००७ मध्ये न्यू होरायझन्स यानाने वैदिक देव त्वष्टा याचे नाव असलेल्या ज्वालामुखीचा फवारा ओळीने पाच चित्रांत पकडला. त्यात उसळणारे द्रव्य हलताना दिसते. जुनो यान डिसेंबर २०२३ मध्ये आयोपासून सुमारे १,५०० किलोमीटरवरून गेले.