घरातील तारजोडणीचा वेग : अपेक्षा आणि वास्तव

बंगळुरूतील यशवंतपूर हे उपनगर भारतीय विज्ञान संस्थेच्या परिसराला लागून आहे. येथील एका कुटुंबाने सेकंदाला १०० मेगाबिट वेगाची तारजोडणी घेतली, असे समजू. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी १,००० मेगाबाइटची व्याख्यानाची चित्रफीत उतरवून घेते. दहा सेकंद लागतील, हा तिचा हिशेब; प्रत्यक्षात जवळजवळ दीड मिनिट लागते. येथे फसवणूक झाली आहे काय?

एककांचा घोळ

जोडणीचा वेग बिटमध्ये सांगितला जातो, तर फाइलचा आकार बाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. त्यामुळे १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट. शिवाय माहिती लहान लहान पुडक्यांतून जाते व प्रत्येक पुडक्यावर पत्ता आणि नियंत्रणाचा मजकूर असतो. ईथरनेटवर साधारणतः १,५३८ बाइटमागे १,४६० बाइट उपयुक्त असतात. म्हणजे सुमारे ५ टक्के क्षमता वाहतुकीच्या व्यवस्थेतच खर्ची पडते. उरलेल्या वेगाने ही चित्रफीत उतरण्यास सुमारे ८४ सेकंद लागतात. हा दोष नसून गणित आहे.

सर्वांत कमकुवत दुवा

साखळीची ताकद तिच्या सर्वांत कमकुवत कडीइतकीच असते. ग्राहकाने ३०० मेगाबिटची योजना घेतली, पण राउटर किंवा संगणकाचे पोर्ट १०० मेगाबिटचे असले, तर वाढीव रक्कम वाया जाते. १०० मेगाबिटसाठी केबलमधील तारांच्या दोन जोड्या पुरतात. १९९९ मध्ये प्रमाणित झालेल्या तांब्याच्या तारेवरील गिगाबिट ईथरनेटला मात्र चारही जोड्या लागतात. त्यांतील एक तार तुटली, तर अनेकदा वेग निमूटपणे १०० वर उतरतो.

घराबाहेरचा मार्ग सामायिक असतो. सर्व ग्राहक एकाच वेळी पूर्ण वेग वापरत नाहीत, या गृहीतकावर सेवादात्याची क्षमता बेतलेली असते. सायंकाळी मागणी एकवटली की प्रत्येकाचा वाटा घटतो.

माहितीची विषमता

भारताच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात किमान वेग २५६ किलोबिट होता; जानेवारी २०२३ मध्ये तो २ मेगाबिट करण्यात आला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २००६ च्या विनियमांत नोंदणीकृत वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग देण्याचा निकष होता. परंतु तो सेवादात्याच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंतच्या टप्प्यापुरता होता. त्यापलीकडील मार्ग ग्राहकाला दिसतही नाही.

जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले, की ग्राहकाला गुणवत्ता पारखता येत नसेल, तर चांगल्या विक्रेत्याला योग्य मोल मिळत नाही आणि बाजाराचा दर्जा खालावतो. या कार्याबद्दल २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. वेगाचा बाजार त्याच प्रकारचा आहे. म्हणून ग्राहकाने प्रथम एकक तपासावे, मग घरातील तार व पोर्ट पाहावे, नंतर सकाळी व सायंकाळी वेग मोजून नोंद ठेवावी. दोष घरातील की सेवेतील, हे अशा नोंदीमुळेच ठरविता येते. अर्ज, व्याख्याने व परीक्षा ऑनलाइन होत असताना हे ज्ञान केवळ तांत्रिक राहिलेले नाही; ते समान संधीचा भाग बनले आहे.