लिस्बनचा कायदा पेडण्यात कसा?

सावंतवाडीतल्या हिंदू बापाने स्वकष्टाचे घर मृत्युपत्राने कोणालाही द्यावे, कायदा अडवत नाही. तेरेखोल नदीपलीकडे, गोव्यातल्या पेडण्याच्या बापाला मात्र निम्मी मालमत्ता मुलामुलींसाठी राखूनच ठेवावी लागते. हा फरक 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आला. मग परक्यांचा कायदा आपण अजून का पाळायचा, असा आक्षेप घेतला जातो. पण राज्यकर्ते गेले म्हणून कायदाही त्याच दिवशी गेला असता, तर आदल्या दिवसापर्यंतची लग्ने, खरेदीखते, वाटण्या सगळेच अधांतरी लटकले असते. म्हणून आपल्या संसदेने 1962 मध्ये कायदा करून, बदल किंवा रद्द होईपर्यंत, तिथले जुने कायदे चालू ठेवले. मजकूर लिस्बनचा असला तरी त्यामागचा अधिकार तेव्हापासून दिल्लीचा. खुद्द पोर्तुगालमध्ये 1967 पासून नवी संहिता लागू झाली, तिचा गोव्याला काडीचाही फरक पडला नाही. उलट गोवा विधानसभेने 2012 मध्ये वारसाहक्काचा स्वतःचा कायदा केला आणि राखीव निम्मा हिस्सा कायम ठेवला. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका खटल्यात ती जुनी संहिता भारतीय कायदाच असल्याचा निर्वाळा दिला. त्या खटल्यातली मालमत्ता मुंबईतली होती. तरी मालक गोव्याचा, म्हणून नियमही गोव्याचाच लागला.