रायफलीची एक पट्टी

संग्रहालयांतील १९०७ सालच्या 'ली-एन्फील्ड' रायफलीच्या उजव्या अंगास, बोल्टच्या खालीं, एक चपटी पोलादी पट्टी असते. ती आंत लोटली कीं दहा काडतुसांच्या पेटीवर झांकण बसे. शिपायानें एकेक काडतूस हातानें भरून उडवावें, पेटींतला सांठा आणीबाणीसाठीं राखावा, हा हेतु. काटकसरी गृहिणीचेंच धोरण म्हणाना! महायुद्धाच्या घाईंत ती अनावश्यक ठरली; १९१६ पासूनच्या तारांकित 'मार्क तीन'मध्यें ती बहुधा आढळत नाहीं.

मात्र पट्टी आंत असतांना बोल्ट कितीहि मागेंपुढें करा, पेटींतलें एकहि काडतूस वर येत नाहीं. नळी रिकामी, पेटी भरलेली! म्हणून अशी रायफल रिकामी समजण्यापूर्वीं पट्टी बाहेर ओढून जाणत्याकडून पेटीच काढवून पाहावी.