साक्षीदार खोटा की बातमी खरी? : गाडीतला ऑक्सिजन सेन्सर

डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्रातलं अनुमान आपण मागच्या वेळी पाहिलं. आज गाडीच्याच धुराकडे येऊ.

घरच्या सात-आसनी पेट्रोल गाडीत ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो. स्कॅनर पी-०१७१ दाखवतो, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. लगेच निदान होतं, ‘सेन्सर गेला, बदला.’ इथे आपण थांबायला हवं. कोड फक्त साक्ष सांगतो. साक्षीदार खोटा आहे असं तो कुठे म्हणतो?

सेन्सर धुरातला ऑक्सिजन बाहेरच्या हवेशी ताडून पाहतो. नेहमीच्या प्रकारात ऑक्सिजन भरपूर असेल तर साधारण ०.१ व्होल्ट, कमी असेल तर ०.९. गरम झालेल्या इंजिनात हा आकडा सतत वरखाली होतो. आता सेन्सरच्या आधी पाइपला चीर असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि बिचारा खरंच सांगतो! नवा सेन्सरही तेच सांगेल. पैसे मात्र गेले.

याउलट पी-०१३५ आला तर तक्रार सेन्सरच्याच हीटर-सर्किटची असते. तिथेही आधी वायर आणि फ्यूज पाहावा. रेस दिल्यावरही आकडा खालीच चिकटून राहिला, गळती कुठेच नाही, तर मात्र बदलावा, आणि लवकर. कारण संगणक त्याच्या शब्दावर पेट्रोल ओतत राहतो, आणि जळतो तो महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर.

बदलताना खाच असलेला २२ मिमीचा सॉकेट घ्यावा. आट्यांना ग्रीस लागतं ते खास, तापमान सोसणारं. टोकाला अजिबात लावू नये.