नांदगावचे गणेश दैवज्ञ

दिवाळी जवळ आली की घरोघर पंचांगाची शोधाशोध सुरू होते. पण ते गणित सोपे करणारा पुरुष आपल्याच कोकणातला, मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचा, हे कितीजणांना ठाऊक असेल?

गणेश दैवज्ञांचा ‘ग्रहलाघव’ शके १४४२चा, म्हणजे इ. स. १५२०चा. कलियुगारंभापासून दिवस मोजायचे तर तेव्हाच ते सोळा लाखांवर गेले होते! गणेशांनी ४०१६ दिवसांचे, सुमारे अकरा वर्षांचे, चक्र कल्पून आकडे आटोक्यात आणले आणि ज्याचापाचे किचकट गणित अजिबात वगळले. पाच वर्षांनी त्यांनी ‘तिथिचिंतामणी’ची कोष्टके रचली, तिथी काढणे गावच्या जोशीबुवांच्याही आवाक्यात आले.

मला अधिक मोलाची वाटते ती त्या घराण्याची दृष्टी. वडील केशव दैवज्ञ प्रत्यक्ष आकाश पाहून गणित ताडून घेत. पुढच्यांनीही तसेच करावे, असे सांगत.

आमच्या घरी दोन पंचांगांत तिथी जुळली नाही की वाद ठरलेला. श्राद्ध आज की उद्या? आजी म्हणे, “पूर्वजांचेच खरे!” पण साडेतीनशे वर्षांत ग्रहलाघवाच्या गणितातही अंतर पडलेच. १८६५च्या सुमारास केरो लक्ष्मण छत्र्यांच्या गणिताने नवे पंचांग निघाले, तेव्हा जुन्या मंडळींना तो पूर्वजांचा अवमान वाटला. वास्तविक, केशव-गणेशांचा याहून मोठा मान तो कोणता? पोथी जपावी खरी. पण मान वर करून चंद्रही पाहावा!