मेहकरला प्रोबेट कधी नव्हतंच

डिसेंबर २०२५मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं कलम २१३ वगळलं आणि मुंबईने हुश्श केलं. मृत्युपत्र कोर्टातून शाबीत करून प्रोबेट घेण्याची सक्ती संपली, खेटे वाचले, इंग्रजांच्या काळातला भेदभाव गेला. भेदभाव होता हे खरंच. हिंदूंपुरती ही सक्ती जुना बंगाल आणि मुंबई-मद्रास शहरांच्या हद्दीत होती. वऱ्हाडातल्या आमच्या मेहकरच्या माणसाने मेहकरच्या वावराचं मृत्युपत्र केलं तर त्याला ती लागूच नव्हती. म्हणजे मुंबईला आज मिळालेली मोकळीक आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भोगतो आहोत. ती कशी भोगली, हे विचारायला मात्र दिल्लीहून कोणी आलं नाही.

मृत्युपत्र अमलात आणणारा एक्झिक्युटर म्हटलं की वऱ्हाडातल्या जुन्या वकिलांना ताईमहाराज प्रकरण आठवायचं, कारण त्यात आपले अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. पुण्याचे सरदार बाबामहाराज ऑगस्ट १८९७मध्ये वारले. मृत्युपत्रात त्यांनी व्यवस्था सोपवली ती टिळक, खापर्डे आणि आणखी काही जणांवर. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटलेले. १९०१मध्ये औरंगाबादला जगन्नाथ नावाच्या मुलाला दत्तक घेतलं गेलं, पण पुढे बाबामहाराजांच्या विधवा ताईमहाराज फिरल्या आणि त्यांनी कोल्हापुरात दुसरा दत्तक घेतला. १९०२मध्ये न्यायाधीश ॲस्टनने प्रोबेट रद्द करून टिळकांनाच फौजदारीत ओढलं. १९०३मध्ये त्यांना शिक्षा झाली, १९०४मध्ये हायकोर्टात ते सुटले. दिवाणी दावा प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९१५मध्ये टिळकांच्या बाजूने लागला. मधली सहा वर्षं तर ते मंडालेच्या तुरुंगात होते! मेलेल्या मित्राला दिलेल्या शब्दापायी इतकं सोसणारा माणूस आज कोणत्या तालुक्यात सापडेल?

त्यानंतरची साठ-सत्तर वर्षं मला कंटाळवाणी वाटतात. कूळकायदा, सीलिंग, धुऱ्याची भांडणं. मृत्युपत्र करणारे विरळा. जमीन पोरांच्या नावावर चढायची, लेकींची बोळवण साडीचोळीवर व्हायची. जे मोजके मृत्युपत्र करत, त्यांना तहसीलच्या आवारातला अर्जनवीस आधी एक प्रश्न विचारायचा: तुमच्यामागे हे पार कोण पाडणार? मग गावातल्या एखाद्या गुरुजींचं किंवा व्यापाऱ्याचं नाव पडायचं. त्या माणसाला वाटणीतलं ढेकूळही मिळायचं नाही, आणि म्हणूनच त्याचं ऐकलं जायचं.

२०१२नंतरचं दशक मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. १७ नोव्हेंबर २०१२ला बाळासाहेब ठाकरे गेले. १९९५पासून शिवसेनेलाच निवडून देणाऱ्या या मतदारसंघात घरचंच माणूस गेल्यासारखं झालं. मग त्यांचं १३ डिसेंबर २०११चं मृत्युपत्र हायकोर्टात आलं. उद्धव यांच्या बाजूने प्रोबेटची मागणी आणि जयदेव यांची हरकत, की वडिलांची मनःस्थिती तेव्हा ठीक नव्हती. न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यापुढे साक्षी सुरू झाल्या आणि स्टँडजवळच्या हॉटेलात जो तो वकील झाला. मृत्युपत्र करताना हजर कोण होतं, डॉक्टर काय म्हणाले, मातोश्रीचा कोणता मजला कोणाला. नोव्हेंबर २०१८मध्ये जयदेव यांनी माघार घेतली. सहा वर्षं लागली, त्याची टिंगल आम्हीही केली. पण साक्षीदार जिवंत असताना, उघड्या कोर्टात, उलटतपासणीसकट ते भांडण झालं, हे त्या टिंगलीत निसटलं.

कारण त्याच काळात आमच्याकडे समृद्धी महामार्ग आला होता. तालुक्यातली जमीन थेट खरेदीने घेऊ लागले, मोबदला रेडीरेकनरच्या कितीतरी पट. खरेदीखतावर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात म्हटल्यावर बहिणींची आठवण झाली, आणि बहिणींची आठवण झाल्याबरोबर ट्रंकांतून मृत्युपत्रं निघू लागली. २००५च्या दुरुस्तीने लेकींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क दिला होता. तो चुकवायला बापाच्या अंगठ्याचा कागद पुढे. एक्झिक्युटर कोण? ज्याला सगळं वावर मिळणार तोच थोरला. साक्षीदार दोन, दोघेही वारलेले. नोटरीचा शिक्का मात्र ठसठशीत.

असा कागद तलाठ्याकडे जायचा. फेरफाराची नोटीस निघायची, बहीण हरकत घ्यायची, प्रकरण तक्रार नोंदवहीत चढायचं. मग मंडळ अधिकारी, मग उपविभागीय अधिकारी, मग अपील, त्यावर अपील. सहा-सात वर्षांनी कोणीतरी सांगायचं, बाई, मृत्युपत्र खरं की खोटं हे ठरवणं महसूलचं कामच नाही, दिवाणी कोर्टात जा. सर्वोच्च न्यायालयानेही २०२१मध्ये हेच बजावलं. तोवर मोबदल्याच्या पैशाचा बंगला बांधून झालेला. माझ्या ओळखीच्या एका बाईचा दावा अजून चालू आहे. तिला हक्कसोडीवर सही कर म्हणून समजवायला आलेला गावपुढारी आजही प्रत्येक मांडवात स्त्रीशक्तीवर बोलतो.

महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ला खुला झाला. त्याच वर्षी शिवसेना फुटली. खासदार प्रतापराव जाधव, आमदार संजय रायमुलकर शिंद्यांकडे गेले. बाळासाहेबांचा राजकीय वारस कोण, हे मृत्युपत्रात कुठून असणार? धनुष्यबाण चिन्हाचा फेरफार निवडणूक आयोगाने शिंद्यांच्या नावे फेब्रुवारी २०२३मध्ये मंजूर केला. मेहकरने २०२४च्या विधानसभेला ठाकरे गटाचे सिद्धार्थ खरात निवडून देऊन आपली हरकत नोंदवली. वारसाच्या भांडणात आम्ही पक्के मुरलेलो आहोत.

म्हणून मुंबईकरांच्या आनंदात मला सामील होता येत नाही. प्रोबेट ऐच्छिक झालं म्हणजे मृत्युपत्र आपोआप खरं ठरत नाही. दोन साक्षीदारांची अट तशीच आहे, हरकत आली की त्यातला हयात असलेला एक तरी कोर्टात उभा करावाच लागतो. फरक इतकाच, की आता तो आधी नाही, नंतर शोधायचा. मुंबईकरांनी आमच्याकडे शिकवणीला यावं. साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण घ्या, आणि वाटणीत ज्याचा दमडीचा हिस्सा नाही असा एक्झिक्युटर नेमा. तसा माणूस मिळाला तर त्याचा पत्ता आम्हालाही कळवा.